मिरजेची जवारी आणि कानातला इअरफोन

इन-इअर इअरफोनचा नाद दुकानात क्वचितच लागतो. तो लागतो दुसऱ्याच्या इअरफोनमुळे. साताऱ्याला महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये चढलेला कॉलेजचा मुलगा शेजारच्या मित्राला म्हणतो, ‘घालून बघ की एकदा.’ मित्र स्वतःच्याच फोनवरचं, तोंडपाठ असलेलं गाणं लावतो आणि रहिमतपूर यायच्या आत त्याला त्यात डग्ग्याची एक मींड ऐकू येते, जी त्याने आजवर कधीच ऐकली नव्हती. तबलजीने डग्ग्यावर मनगट सरकवलं होतं, ते ध्वनिमुद्रणात पहिल्यापासून होतं. पण फोनच्या स्पीकरमधून ते बाहेरच पडत नव्हतं. कराडपर्यंत इअरफोन परत मिळत नाही. पुढच्या आठवड्यात मित्राचा स्वतःचा येतो, आणि तिथून प्रकरण वाढत जातं.

सगळ्या जगात या छंदाची सुरुवात साधारण अशीच होते. नवं गाणं लागत नाही, जुनंच लागतं. कारण नव्या गाण्यात काय ऐकायचं राहून गेलं, हे कळायला मार्गच नसतो. पण सातारा-सांगली पट्ट्यात या नादाला आणखी एक आधार आहे, आणि माझ्या मते तो फार मोलाचा आहे. हा रेल्वेमार्ग ज्या मिरजेला पोचतो, तिथे दीडशेहून अधिक वर्षं माणसं सुराचा पोत कानाने घडवत आली आहेत.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे आणि सतारी बनतात. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात हे काम हाती घेतलं; फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. याच गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले आणि १९३७ साली वारल्यानंतर इथल्याच दर्ग्याच्या आवारात विसावले. हिराबाई बडोदेकरांचा जन्मही मिरजेचाच, १९०५ सालचा. दोन तंबोऱ्यांच्या जवारीतला, म्हणजे तारेच्या झणकारातला, फरक ओळखून त्यावर तासभर बोलणारी माणसं जिथे आहेत, तिथल्या पोराला दोन इअरफोनमधला फरक सांगायला बाहेरून कुणी यायची गरज नाही.

जवारी लावताना पाहिलं की ऐकण्याचं शास्त्र समोर उलगडतं. भोपळ्यावरच्या तबलीवर एक रुंद घोडी असते. तिचा माथा सपाट दिसतो, पण तो किंचित उताराचा असतो. कारागीर त्यावरून कानस हलकेच फिरवतो, तार पुन्हा चढवतो, छेडतो, मान कलती करून ऐकतो आणि पुन्हा तार उतरवतो. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा घालून तो केसभर मागेपुढे सरकवतो. एका विशिष्ट जागी धागा आला की बोदा आवाज एकदम खुलतो. मोजपट्टी कुठेच नसते. कान ‘पुरे’ म्हणेपर्यंत काम चालतं.

होतं काय, तर कंप पावणारी तार घोडीच्या त्या उतारावर दर आंदोलनात टेकते आणि सुटते. त्यामुळे तिची मोकळी लांबी क्षणोक्षणी थोडी बदलत राहते आणि मूळ स्वराची ऊर्जा वरच्या स्वरांशांमध्ये, म्हणजे मूळ कंपनाच्या पटींत उमटणाऱ्या स्वरांमध्ये, वाटली जाते. एरवीचा नियम असा, की तार ज्या बिंदूवर छेडाल त्या बिंदूवर ज्यांची गाठ येते ते स्वरांश उमटत नाहीत. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरच्या आपल्या निबंधात दाखवून दिलं, की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. जे स्वरांश नसायला हवेत तेही त्यांत ठणठणीत ऐकू येतात. नोबेल मिळायच्या नऊ वर्षं आधीचं हे काम.

थोडा हिशेब करू. गायक काळी एकमध्ये गात असेल तर जोडीच्या तारा साधारण १३८.६ हर्ट्झला लागतात आणि खरज, म्हणजे सर्वांत खालची तार, त्याच्या निम्म्यावर, ६९.३ हर्ट्झला. खरजाचा पाचवा स्वरांश ३४६.५ हर्ट्झवर येतो. तोच स्वयंभू गंधार, कुणीही न छेडता तंबोऱ्यातून निघणारा. आणि चाळिसावा स्वरांश येतो २७७२ हर्ट्झवर. चाळिसाव्या स्वरांशाची फिकीर कोण करतो, असं वाटेल. पण कानाची रचना नेमकी याच पट्ट्यावर मेहेरबान आहे.

आपली कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचं एक तोंड उघडं, दुसऱ्या टोकाला कानाचा पडदा. एका बाजूने बंद असलेल्या नळीत जी लहर घुमते तिची लांबी नळीच्या चौपट असते. त्या हिशेबाने कर्णनलिका तीन हजार हर्ट्झच्या आसपास घुमते. बाहेरच्या पाळीच्या खोलगटाची भर पडून २५०० ते ३००० हर्ट्झचा आवाज पडद्यापर्यंत पोचताना दहा-पंधरा डेसिबलने वाढलेला असतो. जवारीची जी झळाळी आपल्याला सुखावते, तिचा मोठा वाटा या पट्ट्यात पडतो. स्वतःच्या कानावर विसंबून कानस थांबवणारे मिरजेचे कारागीर कर्णनलिकेचा हा गुणच वापरत आले आहेत.

आता त्या नळीत इअरफोन खोचला की काय होतं? उघडं तोंड बंद होतं. तीन हजाराचा घुमारा नाहीसा होतो आणि त्याऐवजी सात-आठ हजार हर्ट्झच्या आसपास, इअरफोन किती आत गेला आहे त्यानुसार, दुसराच एक घुमारा तयार होतो. म्हणजे चांगला इन-इअर बनवणाऱ्याला आधी कानाकडून हिरावलेली गोष्ट परत करावी लागते: तीन हजाराच्या पट्ट्यात मुद्दाम चढ द्यावा लागतो. सर्व कंपनं सारख्याच जोराने पडद्यापर्यंत पोचवणारा इअरफोन कागदावर सरळ रेष दाखवेल, पण त्यातून तंबोरा पांघरूण घेतल्यासारखा बोदा लागेल. हा चढ किती असावा, यावर हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांना बसवून पद्धतशीर चाचण्या केल्या. त्यातून निघालेली वक्ररेषा आज या छंदात सगळ्यांच्या तोंडी असते.

खालच्या स्वरांचं गणित वेगळं. इअरफोनच्या टोकावरची मऊ टिप आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये जेमतेम एक-दोन घन सेंटिमीटर हवा कोंडलेली असते. एवढ्याशा हवेचा दाब हलवायला सेंटिमीटरभर रुंदीची झिल्लीही पुरते. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून धरलं की थोड्या जोरातही दाब चढतो आणि अंगठा जरा ढिला पडला की सगळी हवा फुस्स होते, तसंच इथे होतं. टिप कानात घट्ट बसली नाही की खरज पहिल्यांदा जातो. वरचे स्वर बऱ्यापैकी शाबूत राहतात, त्यामुळे गाणं ऐकू येतं, फक्त किरटं येतं, आणि माणूस इअरफोनला नावं ठेवतो.

म्हणून नवशिक्याला माझा आग्रह एकाच गोष्टीचा असतो: दुसरा इअरफोन घेण्याआधी डब्यातल्या सगळ्या टिपा घालून बघा. डाव्या इअरफोनसाठी उजवा हात डोक्यामागून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे वाकडी कर्णनलिका सरळ होते. मग टिप किंचित फिरवत आत न्यायची आणि पाळी सोडायची. नीट बसली असेल तर स्वतःचं बोलणं डोक्यात घुमल्यासारखं वाटतं. नंतर तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण लावून फक्त खरज ऐकायचा. दोन्ही कानांत तो सारखा भरीव लागला पाहिजे. पुष्कळांच्या डाव्या-उजव्या कर्णनलिका सारख्या मापाच्या नसतात. एकीकडे मधली आणि दुसरीकडे मोठी टिप लावण्यात काहीही गैर नाही. सिलिकॉन टोचत असेल तर फोमची टिप चिमटीत दाबून आत घालायची आणि फुलेपर्यंत बोटाने धरून ठेवायची. शंभर-दोनशे रुपयांत होणारा हा बदल पुष्कळदा काही हजारांच्या खरेदीपेक्षा मोठा असतो.

आतल्या यंत्राविषयी थोडक्यात. बहुतेक इअरफोनमध्ये लोहचुंबकाच्या फटीत हलणारी तारेची गुंडाळी आणि तिला चिकटलेली झिल्ली असते. मोठ्या स्पीकरचंच हे पिल्लू. दुसरा प्रकार श्रवणयंत्रांतून आला. त्यात चुंबकांमध्ये तोललेली एक सूक्ष्म पट्टी थरथरते आणि एका बारीक काडीने झिल्लीला हलवते. अमेरिकेतल्या मीड किलियन यांनी याच तंत्रावर १९९१ साली एटिमॉटिक ईआर-४ आणला. वॉकमनला तेव्हा बारा वर्षं झाली होती. १९९५ साली जेरी हार्वी यांनी व्हॅन हेलन या रॉक बँडच्या ड्रमवादकासाठी रंगमंचावर वापरायचे इअरफोन बनवले आणि गायक-वादकांच्या कानात ते दिसू लागले. सामान्य माणसाच्या आवाक्यात ही चीज आली ती मात्र गेल्या दहा वर्षांत, चिनी कारखान्यांमुळे. आज दीड-दोन हजार रुपयांत मिळणारा तारेचा इअरफोन मनापासून गाणं ऐकायला पुरेसा आहे. फोनला जॅक नसेल तर एक छोटं डोंगल लागतं, इतकंच.

यानंतर नाद लागलेला माणूस तुलना करू लागतो, आणि इथे कान फसतो. दोन इअरफोनपैकी एक डेसिबलभर मोठा वाजला तरी तोच ‘जास्त खुला’ वाटतो. नादातल्या फरकाची स्मृतीही फार लवकर विरते. सोमवारी ऐकलेल्याची शनिवारी ऐकलेल्याशी तुलना करण्यात अर्थ नसतो. शंभर तास वाजवल्यावर इअरफोन ‘मोकळा होतो’ असं सांगतात, तिथे सहसा आपला मेंदूच त्या आवाजाला सरावलेला असतो. आवाज समान पातळीवर आणून, गाण्याचा तोच वीस सेकंदांचा तुकडा दोन्हींवर लागोपाठ ऐकायचा, ही शिस्त पाळली तर पुष्कळ पैसे वाचतात.

अशी शिस्त या भागात शंभर वर्षांपूर्वीही होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची, मापं काढायचा ध्यास घेतला. त्यासाठी त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेतला आणि १९१० साली आपलं पुस्तक काढलं. आय.सी.एस. अधिकारी क्लेमेंट्स यांच्या साथीने श्रुती-हार्मोनियमही तयार झाली. १९१६ सालच्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण जाणकारांना पटली नाही. देवलांची सगळी मापं आज मान्य होतील असं नाही. पण प्रश्न खरा होता. खरजातून निघणारा ३४६.५ हर्ट्झचा गंधार आणि नेहमीच्या पेटीचा ३४९.२ हर्ट्झचा गंधार यांत पावणेतीन हर्ट्झचा फरक आहे. दोन्ही एकदम वाजले तर सेकंदाला सुमारे तीन हेलकावे पडतात. चांगल्या इअरफोनवर तंबोरा आणि पेटी दोन्ही असलेली मैफल लावा. गंधारावर थांबलेल्या पेटीपाशी हा हेलकावा शोधून बघा. एकदा सापडला की कान तो सोडत नाही.

खाँसाहेबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांबाबत मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. त्या काळच्या मुद्रणात वरचे स्वरांश फारसे उतरलेच नाहीत. वरच्या पट्ट्यात झगझगीत वाजणारा इअरफोन तिथे फक्त तबकडीची खरखर वाढवतो. मध्यम पट्ट्यात सौम्य असलेला साधा इअरफोन त्या आवाजाला जास्त न्याय देतो.

आणि आता आवाजाच्या पातळीविषयी, जिची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. एसटीत किंवा रेल्वेत इंजिनाची आणि चाकांची घरघर खालच्या पट्ट्यात असते. ती खरज झाकून टाकते आणि माणूस आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ९० डेसिबलला ही मुदत फक्त ४ तासांवर येते. कानाच्या आतल्या शंखातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. नीट बसलेली टिप बाहेरचा गोंगाट वीसेक डेसिबलने कमी करते, त्यामुळे फोनचा आवाज निम्म्यावर ठेवूनही सगळं ऐकू येतं. इन-इअरचा खरा फायदा मी यालाच मानतो. हीच टिप दुचाकीवर, महामार्गावर कानात असेल तर मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्नही ती तितकाच अडवते. तिथे इअरफोन खिशातच हवा.

एक गोष्ट मात्र कितीही पैसे घातले तरी इअरफोन देत नाही. बाहेरचा आवाज पाळीच्या वळणांवर आपटून, डोक्याला वळसा घालून येतो. मान हलवली की दोन्ही कानांतला फरक बदलतो, आणि त्यावरून मेंदू जागा ठरवतो. इअरफोन पाळीला वगळून थेट आत बोलतो आणि मानेबरोबर फिरतो, म्हणून गायक डोक्याच्या आत बसल्यासारखा वाटतो. सातारा जिल्ह्यातल्या औंधला १९४० पासून संगीत महोत्सव होतो, आश्विन वद्य पंचमीला. ज्याला इअरफोनचा नाद लागला आहे त्याने तिथे जरूर जावं, तंबोऱ्यांच्या जवळची जागा धरावी आणि घरी आल्यावर त्याच रागाचं ध्वनिमुद्रण लावावं. कुठला इअरफोन ठेवायचा आणि कुठला विकायचा, हे त्या रात्रीच ठरतं.