सहाव्या वर्षी येणारी दाढ दुधाची नव्हे

१ जून ते ३१ जुलै ट्रॉलर जेटीला. बाप घरी असतो, तेवढ्यात मुलांचे दात एकदा दाखवून आणा.

मूल सहा वर्षांचे झाले की दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात कोणाच्या लक्षात येत नाही. किडली तरी "दुधाचीच आहे, पडेल" म्हणून सोडून देतात. पण ती कायमची दाढ. काढावी लागली तर परत येत नाही.

तिच्यावरच्या खाचा इतक्या अरुंद की ब्रशचा केससुद्धा आत शिरत नाही. बिस्किट अडकते, जंतू त्यातल्या साखरेचे आम्ल करतात आणि दाढ पोखरत जाते. लाकडी होडीच्या फटी आपण पाणी शिरण्याआधीच बुजवतो ना, तसेच हे सीलंट. डॉक्टर दाढ साफ करून सुकवतात, खाचांत पातळ लेप भरतात, निळ्या उजेडाने कडक करतात. सुई नाही, कोरणे नाही, एका दाढेला काही मिनिटे. पहिली दोन वर्षे दाढांची सुमारे ८० टक्के कीड यामुळे टळते. लेप निघाला तर परत भरता येतो, म्हणून तपासणी चुकवू नका.

दोन दातांच्या मधली कीड मात्र सीलंट अडवत नाही. तिथे फ्लोराईडची पेस्टच हवी, वाटाण्याएवढी, सकाळी आणि रात्री. रात्रीचे ब्रश करणेच आपल्याकडे राहते.

बांबोळीच्या सरकारी दंत महाविद्यालयात लहान मुलांचा वेगळा विभाग आहे. पुढची कायमची दाढ बाराव्या वर्षाच्या सुमारास येते, तेव्हा परत न्या.