मऊ स्वादुपिंडाचे कोडे

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बारावीच्या वर्गातला एक विद्यार्थी तास संपल्यावर माझ्या टेबलापाशी घुटमळत उभा राहिला. आदल्याच दिवशी त्याच्या वडिलांचे पोटाचे मोठे ऑपरेशन झाले होते. तो म्हणाला, "सर, डॉक्टर म्हणाले की ऑपरेशन व्यवस्थित झालं. पण लगेच असंही म्हणाले, बाबांचं स्वादुपिंड मऊ आहे, निरोगी आहे, म्हणून काही दिवस जास्त जपायला हवं. निरोगी आहे तर काळजी कसली?"

मी भौतिकशास्त्र शिकवतो, वैद्यक नव्हे. त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. नंतर पुस्तके चाळली, एका डॉक्टर मित्राला विचारले, आणि लक्षात आले की या कोड्याचे उत्तर अर्धे भौतिकशास्त्रात आणि अर्धे गणितात आहे. विद्यार्थी मित्रांनो, ते आज आपण पाहू.

जोड का गळतो?

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवे असते. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर. ते इन्शुलिन तयार करते हे तुम्हांला ठाऊक आहेच. त्याचे दुसरे काम पाचकरस तयार करण्याचे. रोज लिटरभर किंवा त्याहूनही अधिक रस एका बारीक नळीतून लहान आतड्यात उतरतो. या रसात प्रथिने फोडणारी विकरे असतात. स्वादुपिंडात ती निद्रिस्त असतात आणि आतड्यात पोचल्यावरच जागी होतात. ही निसर्गाची मोठीच सोय आहे, कारण आपले स्वतःचे मांसही प्रथिनांचेच बनलेले असते!

स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात किंवा त्याला लागून गाठ झाली, तर तो भाग काढावा लागतो. त्याबरोबर आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा तुकडाही निघतो. न्यूयॉर्कचे शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी १९३५ साली या शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून तिला व्हिपल यांचे नाव मिळाले. त्याआधी बर्लिनमध्ये वॉल्टर काउश यांनी १९०९ साली अशी शस्त्रक्रिया केली होती.

गाठ काढल्यावर उरलेले स्वादुपिंड आतड्याला शिवून जोडतात. खरी मेख या जोडात आहे. जोड गळला तर पाचकरस पोटाच्या पोकळीत झिरपतो, तेथे पू होतो, कधी शेजारची रक्तवाहिनी खाल्ली जाऊन धोक्याचा रक्तस्राव होतो. उपचार करावे लागतील अशी गळती साधारणपणे दर दहा रुग्णांत एक-दोघांना होते.

आता आपले कोडे. कर्करोगाची गाठ स्वादुपिंडाच्या नळीवरच बसली, तर धरणाच्या भिंतीमागे पाणी तुंबावे तसा रस तुंबतो. मागची नळी फुगून रुंद होते आणि भोवतालचे मांस हळूहळू तंतुमय, टणक बनते. ते रसही कमी तयार करते. उलट, गाठ पित्तनलिकेच्या टोकाशी असेल तर कावीळ लवकर दिसते आणि स्वादुपिंड बहुधा निरोगी राहते. म्हणजेच मऊ, अरुंद नळीचे आणि भरपूर रस देणारे! शिवायला हेच अवघड.

नळीचा व्यास ५ मिलिमीटर असेल तर तिचा परीघ सुमारे १५.७ मिलिमीटर भरतो. चार टाके घातले तर दोन टाक्यांत जवळजवळ ४ मिलिमीटर अंतर राहते. व्यास २ मिलिमीटर असेल तर हेच अंतर अवघे दीड मिलिमीटर!

करून पाहा

एक कच्चा आणि एक उकडलेला बटाटा घ्या. दोन्हींच्या एक सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कापा. सुईने काठापासून एक सेंटिमीटर आत दोरा ओवा. दोऱ्याची दोन्ही टोके खाली एकत्र बांधून त्यांना सुमारे १०० ग्रॅम वजन टांगा. उकडलेल्या बटाट्यातून दोरा लोण्यातून सुरी जावी तसा खाली उतरेल. कच्चा बटाटा बहुधा तग धरेल.

असे का होते? १०० ग्रॅम वजनाचे बल सुमारे १ न्यूटन. दोरा ०.२ मिलिमीटर जाड धरला, तर बटाट्याला टेकणारे क्षेत्रफळ ०.२ × १० म्हणजे केवळ २ चौरस मिलिमीटर. बलाला क्षेत्रफळाने भागा. दाब येतो पाच लाख पास्कल, वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ पाचपट! मऊ स्वादुपिंडात टाका ओढताना शल्यविशारदाला नेमके हेच भय असते.

आधी मापन, मग भाकीत

एखाद्या रुग्णात गळतीचा धोका किती हे आधी सांगता येईल का? त्यासाठी आधी 'गळती' कशाला म्हणायचे ते ठरायला हवे. पूर्वी प्रत्येक रुग्णालयाची व्याख्या वेगळी होती. एकाचा मीटर लांब आणि दुसऱ्याचा आखूड असावा तशी गत! २००५ साली अनेक देशांतील शल्यविशारदांनी एकत्र येऊन व्याख्या ठरवली. पोटात ठेवलेल्या निचरा-नळीतून तिसऱ्या दिवशी किंवा नंतर येणाऱ्या द्रवात अमायलेज हे विकर रक्तातील सामान्य कमाल पातळीच्या तिपटीहून जास्त असेल, तर ती गळती. पुढे २०१६ साली तीत सुधारणा झाली. रुग्णाच्या उपचारांत ज्यामुळे काहीच फरक पडत नाही अशी नुसती अमायलेजची वाढ आता खरी गळती मानत नाहीत.

समान माप मिळाले आणि नोंदींची तुलना शक्य झाली. २०१३ साली अमेरिकेतील मार्क कॅलरी, चार्ल्स व्होल्मर आणि सहकाऱ्यांनी शेकडो रुग्णांच्या नोंदींवरून दहा गुणांची एक सोपी पद्धत मांडली. स्वादुपिंड मऊ असल्यास २ गुण. आजार स्वादुपिंडाचा नेहमीचा कर्करोग किंवा स्वादुपिंडाचा दाह सोडून दुसरा असल्यास १. नळी ५ मिलिमीटर वा जास्त रुंद असल्यास शून्य, ४ असल्यास १, ३ असल्यास २, २ असल्यास ३, आणि १ किंवा त्याहून कमी असल्यास ४. रक्तस्राव ४०० मिलिलिटरपर्यंत शून्य, ७०० पर्यंत १, १००० पर्यंत २, त्यापुढे ३. बेरीज शून्य आली तर धोका नगण्य, १-२ आल्यास कमी, ३ ते ६ मध्यम, ७ ते १० जास्त. या परीक्षेत कमी गुण मिळवणारा भाग्यवान!

माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांचे गुण असे होते: मऊ स्वादुपिंड २, गाठ पित्तनलिकेच्या टोकाशी म्हणून १, नळी ३ मिलिमीटर म्हणून २, रक्तस्राव थोडा म्हणून शून्य. एकूण ५, म्हणजे धोका मध्यम.

आकडा काय सांगतो?

तो विद्यार्थी पुन्हा आला आणि त्याने विचारले, "म्हणजे बाबांना गळती होणार की नाही?" या प्रश्नाचे उत्तर कोणताही आकडा देत नाही. समजा, एखाद्या गटातील १०० रुग्णांपैकी ३० जणांना गळती होते. ते तीस कोण, हे आकड्याला ठाऊक नसते. उरलेले सत्तर जण त्याच गटात असतात आणि सुखरूप घरी जातात.

गुणपद्धतीचीही परीक्षा घेतात. गळती झालेला एक आणि न झालेला एक अशी रुग्णांची जोडी घ्यायची आणि जास्त गुण कोणाला होते ते पाहायचे. नाणे उडवून सांगितले तर शंभरातल्या पन्नास जोड्या बरोबर येतील. ही पद्धत इतर रुग्णालयांत तपासली, तेव्हा अनेक ठिकाणी सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान जोड्या बरोबर आल्या. नाण्यापेक्षा खूप चांगले, पण भविष्यवाणी नव्हे.

मग उपयोग काय? पहारा कुठे जास्त ठेवायचा ते कळते. इटलीतील व्हेरोना येथे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पहिल्या दिवशी निचऱ्यातील अमायलेज कमी असलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाची नळी तिसऱ्या दिवशी काढली, दुसऱ्याची पाचव्या दिवशी किंवा नंतर. लवकर नळी काढलेल्यांना त्रास कमी झाला. म्हणजे ज्याला धोका कमी, त्याच्या पोटात नळी उगाच ठेवणेही बरे नाही. ज्याला धोका जास्त, त्याची नळी राहू द्यायची आणि द्रव पुन्हा पुन्हा तपासायचा.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांना गळती झाली. पण डॉक्टर तिच्या वाटेवरच बसले होते. नळी जागेवर होती, द्रव रोज तपासला जात होता, औषधे वेळेवर सुरू झाली. महिन्याभराने ते घरी परतले.

"म्हणजे डॉक्टरांचा अंदाज बरोबर आला, सर," तो म्हणाला. मी म्हटले, "नाही रे. गळती झाली नसती तरी अंदाज चुकला असं म्हणता आलं नसतं. एका रुग्णावरून संभाव्यता खरी-खोटी ठरत नाही. ती ठरते शेकडो रुग्णांच्या नोंदींवरून. आता तुझ्या बाबांचीही नोंद त्यांत जाईल आणि पुढच्या कुणाच्या तरी बाबांना उपयोगी पडेल."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बटाट्याचा प्रयोग मी बाबांना दाखवणार आहे."