स्टिअरिंग जड झाले? आधी बॅटरी तपासा

तामिळनाडूतील कुंभकोणम परिसरात ऑक्टोबर ते डिसेंबरदरम्यान ईशान्य मोसमी पाऊस पडतो. तंजावर-कुंभकोणमच्या यात्रेस मोटारीने जाणाऱ्यांना तेव्हा साचलेले पाणी ओलांडावे लागते. त्यानंतर स्टिअरिंग एकाएकी जड होऊन अनेक इशारादर्शक दिवे एकत्र लागले, तर सारे सेन्सर एकदम बिघडले असे सहसा नसते. विजेवरील पॉवर स्टिअरिंगला मोठा प्रवाह लागतो; व्होल्टेज फार घसरल्यास त्याचे साहाय्य थांबते. चाके वळतात, पण जोर अधिक लागतो.

प्रथम बॅटरी तपासावी. इंजिन बंद असताना सुमारे १२.६, चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. नंतर अर्थिंगची तार आणि पाणी शिरलेले कनेक्टर पाहावेत. स्कॅनरवरील कोड बहुधा सदोष सर्किट दाखवतो, निकामी भाग नव्हे. एकटाच एबीएसचा दिवा लागला, तर मात्र चाकाजवळच्या गतिसेन्सरकडे वळावे.