लेकीचं कॉलेज आणि आमची बदली

यजमानांची लेस्टरहून ब्रिस्टलला बदली झाली तेव्हा लेक सोळाची होती. इंग्लंडात या वयात जीसीएसई परीक्षा झाली, की पुढची दोन वर्षं ‘सिक्स्थ फॉर्म’. आपली अकरावी-बारावीच म्हणा ना. फक्त विषय बहुधा तीनच, पण ते खोलात शिकायचे.

मी आपली शाळांच्या निकालांचे तक्ते घेऊन बसले. पुण्यात वाढलेल्या आईला दुसरं काय सुचणार! लेकीला हवं होतं भौतिकशास्त्र, गणित आणि संगीत. तक्त्यातल्या वरच्या शाळेत तिन्ही विषय होते, पण भौतिकशास्त्र आणि संगीताचे तास एकाच वेळी. म्हणजे एक सोडा. माहितीपुस्तकात हे नव्हतं. फोन केल्यावर कळलं.

तेव्हा तुमचं कुणी तिकडे असेल, तर आधी विषयांची जुळणी विचारायला सांगा. मग बस, सोळानंतर मोफत प्रवासाची हमी नसते. आणि मधेच कॉलेज बदलणं टाळावं. २०१५पासून टप्प्याटप्प्यानं आलेल्या नव्या ए लेव्हलमध्ये परीक्षा दोन वर्षांच्या शेवटी एकदमच होते. त्यात परीक्षा मंडळं वेगवेगळी! इतिहासाचा इथं शिकलेला कालखंड तिथं नसायचाही. म्हणून यजमान पुढे गेले, आणि जीसीएसई संपेपर्यंत आम्ही दोघी मागे राहिलो.

शेवटी घेतलं ते तक्त्यात बरंच खालचं कॉलेज. गणवेश नाही, शिक्षकांना चक्क नावानं हाक मारतात. मला अजून खटकतं. लेक मात्र पाठीवर चेलो घेऊन दोन बस बदलत रोज जाते.