रागाच्या पोटात दडलेली भीती

भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे गोड बोलणे नव्हे आणि मन मारणेही नव्हे. मनात नेमके काय चालले आहे हे ओळखून त्यानुसार वागण्याची ती क्षमता आहे. ही क्षमता शिकता येते, आणि तिची खरी परीक्षा कार्यालयापेक्षा घरात होते.

दहावीच्या निकालाची दुपार. मोबाइलच्या पडद्यावर मुलाची टक्केवारी उमटते. अपेक्षेपेक्षा दहा-बारा टक्क्यांनी कमी. घरात क्षणभर शांतता पसरते आणि मग वडिलांचा आवाज चढतो. ‘‘वर्षभर क्लासची फी भरली ती याचसाठी का?’’ मुलगा काही न बोलता आतल्या खोलीत जातो आणि दार लावून घेतो. ‘‘अहो, जरा हळू बोला,’’ असे आई म्हणेपर्यंत नातेवाइकांचे फोन सुरू झालेले असतात. ते उचलण्याची इच्छा कोणालाच नसते.

‘तुम्हाला त्या वेळी काय वाटले?’ असे या वडिलांना विचारले, तर ‘राग आला’ हेच उत्तर मिळेल. ते खोटे नाही. पण पुरेसेही नाही. त्या रागाच्या पोटात आणखी बरेच काही असते. चांगल्या महाविद्यालयात प्रवेश मिळेल की नाही याची भीती असते, भावाबहिणींना काय सांगायचे याची शरम असते आणि वर्षभर आपण मुलाजवळ बसलो नाही ही खंतही असते. वडील घाबरले आहेत हे मुलाला कळत नाही. आपण त्यांना नकोसे झालो आहोत एवढेच त्याला कळते. निकालाच्या दिवसांत वृत्तपत्रांतून येणाऱ्या काही दुर्दैवी बातम्या आठवल्या, म्हणजे अशा बंद दारामागे काय पणाला लागलेले असते ते वेगळे सांगावे लागत नाही.

राग आणि भीती यांतील हा फरक वेळेवर ओळखणे हा मानसशास्त्र ज्याला ‘भावनिक बुद्धिमत्ता’ म्हणते तिचा गाभा आहे.

बुद्ध्यांकाच्या पलीकडे

बुद्धी मोजण्याच्या आधुनिक प्रयत्नांना फ्रान्समध्ये सुरुवात झाली. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ मध्ये आपली चाचणी तयार केली. शाळेत ज्या मुलांना अधिक मदतीची गरज आहे ती मुले हेरणे, एवढाच तिचा मर्यादित हेतू होता. पुढे बुद्ध्यांकाच्या आकड्याला जी प्रतिष्ठा लाभली, ती या हेतूच्या कितीतरी पलीकडची होती. मात्र माणसे समजून घेणे ही एक वेगळी क्षमता असावी, हा विचार अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच ‘सामाजिक बुद्धिमत्ता’ या नावाने मांडला होता. १९८३ मध्ये हॉवर्ड गार्डनर यांनी बहुविध बुद्धिमत्तांचा सिद्धान्त मांडताना स्वतःला जाणणे आणि इतरांना जाणणे या दोन क्षमतांना स्वतंत्र स्थान दिले.

‘भावनिक बुद्धिमत्ता’ या संकल्पनेची शास्त्रीय मांडणी पीटर सॅलोवी आणि जॉन मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये एका शोधनिबंधात केली. पाच वर्षांनी, १९९५ मध्ये, डॅनियल गोलमन यांचे त्याच नावाचे पुस्तक आले आणि अभ्यासकांपुरती मर्यादित असलेली ही संज्ञा घराघरांत पोहोचली. बुद्ध्यांकाच्या धर्तीवर ‘भावनांक’ हा शब्दही रूढ झाला.

भावना वजा केल्या तर?

‘भावनेच्या आहारी जाऊ नको, डोक्याने विचार कर,’ असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. भावना आणि विचार ही दोन परस्परविरोधी दालने आहेत, असे त्यात गृहीत धरलेले असते. मेंदूविज्ञानाने या समजुतीला धक्का दिला आहे. मेंदूतज्ज्ञ अँटोनियो दमासिओ यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ‘एलियट’ या टोपणनावाने एका रुग्णाची हकीकत सांगितली आहे. मेंदूच्या पुढच्या भागातील गाठ शस्त्रक्रियेने काढल्यानंतर या गृहस्थाची बुद्धी, स्मृती, भाषा सारे शाबूत होते. बुद्ध्यांकाच्या चाचणीत तो उत्तम गुण मिळवत असे. परंतु त्याच्या भावना जणू विझल्या होत्या. त्याचा परिणाम असा झाला, की कागदपत्रे कोणत्या पद्धतीने लावावीत अशा किरकोळ प्रश्नावरही तो तासन् तास घोळत राही. त्याची नोकरी गेली, संसार मोडला. कोणत्या गोष्टीला किती महत्त्व द्यायचे हे भावना सुचवतात. ती सूचनाच थांबली, तर तर्क एकटा निर्णयापर्यंत पोहोचत नाही.

म्हणूनच भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे भावनांवर बुद्धीचा विजय नव्हे. भावनेतून मिळणारी माहिती नीट वाचता येणे, असे तिचे वर्णन अधिक योग्य ठरेल.

चार पायऱ्या

सॅलोवी आणि मेयर यांनी १९९७ मध्ये या क्षमतेचे चार भाग सांगितले. पहिला, भावना ओळखणे : स्वतःच्या आणि समोरच्याच्याही. चेहरा, आवाजाची पट्टी, बसण्याची ढब यांतून ती वाचावी लागते. दुसरा, विचाराला भावनेची मदत घेणे. नवे काही सुचायला हवे असेल तेव्हा प्रसन्न मनःस्थिती उपयोगी पडते, तर हिशेबातील चूक शोधायची असेल तेव्हा काहीशी गंभीर मनःस्थिती बरी. तिसरा, भावना समजून घेणे : ती कशातून उपजली, पुढे तिचे रूपांतर कशात होईल, हे जाणणे. सतत टाळले गेलेले दुःख चिडचिडेपणात उतरते, ही जाण या तिसऱ्या भागातली. चौथा, भावना हाताळणे.

बहुतेक माणसांना चौथी पायरी आधी हवी असते. ‘राग कसा आवरावा?’ हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो. परंतु जी भावना ओळखलीच नाही, ती आवरणार कशी? निकालाच्या दुपारी वडिलांनी राग आवरला असता, तरी भीती तशीच राहिली असती आणि रात्रीच्या जेवणात ती टोमण्यांच्या रूपाने बाहेर आली असती.

नाव दिल्याने काय होते?

भावनेला शब्दात पकडण्याचा परिणाम मेंदूतही दिसतो. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगात भाग घेणाऱ्यांना भेदरलेल्या, संतापलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून त्यांच्या मेंदूचे निरीक्षण करण्यात आले. चेहऱ्यावरील भावनेसाठी नेमका शब्द निवडायला सांगितल्यावर ‘अमिग्डाला’ या बदामाच्या आकाराच्या भागातील हालचाल मंदावली आणि मेंदूच्या पुढच्या भागातील एक केंद्र अधिक सक्रिय झाले. धोक्याची घंटा वाजवण्यात अमिग्डालाचा मोठा वाटा असतो. भावनेला नाव मिळाले, की ही घंटा काहीशी हळू वाजते, असे म्हणता येईल.

भावनांची अशी बारकाईने नोंद घेण्याची परंपरा भारताला नवी नाही. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्रा’त आठ स्थायी भाव आणि तेहतीस व्यभिचारी, म्हणजे येणारे-जाणारे, भाव सांगितले आहेत. रागाच्याच जवळपासच्या छटा पाहिल्या, तरी त्यात स्थायी भाव म्हणून ‘क्रोध’ आहे, अपमानातून पेटणारा ‘अमर्ष’ आहे आणि दुसऱ्याचा उत्कर्ष न साहवणारी ‘असूया’ही आहे. नटाला या छटा वेगवेगळ्या दाखवता याव्यात, म्हणून हे वर्गीकरण झाले. घरात वावरणाऱ्या माणसालाही त्या वेगवेगळ्या ओळखता आल्या, तर त्याचे बिघडणार काहीच नाही.

रोजच्या मराठीतही ही श्रीमंती आहे. राग, चीड, संताप, वैताग, त्रागा आणि रुसवा हे समानार्थी शब्द नव्हेत. रुसलेल्या माणसाला समजूत हवी असते, वैतागलेल्याला विश्रांती हवी असते, तर त्रागा करणाऱ्याला आपले कोणी ऐकत नाही असे वाटत असते. प्रत्येक शब्दासोबत उपायही बदलतो. ‘मूड ऑफ आहे’ किंवा ‘टेन्शन आलंय’ एवढ्यावर भागवले, की हा भेद पुसला जातो आणि उपायही हाती लागत नाही.

दाबणे म्हणजे आवरणे नव्हे

भावना हाताळण्याच्या दोन प्रमुख रीती जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञाने तपासल्या. १९९८ च्या एका प्रयोगात त्यांनी काही जणांना किळस आणणारी चित्रफीत दाखवली. एका गटाला चेहऱ्यावर काहीही दिसू न देण्यास सांगितले, तर दुसऱ्या गटाला चित्रफितीकडे अलिप्त, तांत्रिक नजरेने पाहण्यास सांगितले. चेहरे दोन्ही गटांचे शांत राहिले. परंतु भावना दाबणाऱ्यांना किळस तेवढीच वाटली आणि शरीरावरील ताण उलट वाढला. दृष्टिकोन बदलणाऱ्यांना मात्र किळसच कमी वाटली. ‘गप्प बसलो म्हणजे राग आवरला’ हा समज किती फसवा आहे, हे यातून दिसते.

प्रसंगाकडे पाहण्याची दृष्टी बदलण्याचा हा मार्ग महाराष्ट्राला अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीमुळे परिचित आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत साकारलेली ही पद्धत मराठी समाजात रुजवण्याचे मोठे काम कि. मो. फडके यांनी केले. ठाण्यात १९९० मध्ये ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ या संस्थेची स्थापना करणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांनीही व्याख्याने व लेखनातून ती सर्वसामान्यांपर्यंत नेली. एलिस यांच्या मते घटना आणि भावना यांच्यामध्ये एक दुवा असतो. तो म्हणजे त्या घटनेविषयीची आपली धारणा. ‘मुलाला चांगले गुण मिळाले तर बरे होईल’ ही इच्छा झाली. ‘ते मिळालेच पाहिजेत, नाहीतर सारे संपले’ हा हट्ट झाला. इच्छा अपुरी राहिली, तर वाईट वाटते आणि माणूस पुढचा मार्ग शोधतो. हट्ट मोडला, तर मात्र तो कोसळतो किंवा दुसऱ्यावर कोसळतो. निराशा, काळजी, वाईट वाटणे या भावना नकोशा असल्या, तरी निरोगी असू शकतात, हे एलिस यांचे सांगणे आहे. भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे सदैव हसतमुख राहणे, या गैरसमजाला ते परस्पर उत्तर देते.

नोकरीतली किंमत

बसमधील वाहक, रुग्णालयातील परिचारिका, बँकेच्या खिडकीमागील कर्मचारी, शिक्षक यांच्या कामात एक न दिसणारे काम मिसळलेले असते. मनात काहीही असले, तरी समोरच्याशी शांतपणे बोलण्याचे ते काम. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून त्याला ‘भावनिक श्रम’ असे नाव दिले. हे श्रम पगारपत्रकात दिसत नाहीत. थकवा मात्र खरा असतो. दिवसभर ग्राहकांपुढे हसणारा माणूस घरी येऊन मुलांवर का खेकसतो, याचे एक कारण येथे सापडते.

२०१० मध्ये डॅना जोसेफ आणि डॅनियल न्यूमन यांनी अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. ज्या कामात माणसांशी सतत संबंध येतो आणि भावनिक श्रम अधिक असतात, तेथे भावनिक बुद्धिमत्तेचा कामगिरीशी संबंध दिसतो. जेथे असे श्रम कमी, तेथे हा संबंध फारसा आढळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. सर्व नोकऱ्यांवर एकच औषध लागू पडत नाही, असा त्याचा अर्थ.

अतिरंजित दाव्यांपासून सावध

‘यशात ८० टक्के वाटा भावनांकाचा’ हे वाक्य व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत हमखास ऐकू येते. त्याला आधार नाही. आयुष्यातील यशात बुद्ध्यांकाचा वाटा फार तर २० टक्के असावा, असे गोलमन यांनी लिहिले होते. उरलेल्यात कुटुंबाची स्थिती, संधी, नशीब असे कितीतरी घटक येतात. ते सारे भावनांकाच्या खात्यावर जमा करता येत नाहीत. समोरची गोळी न खाता थांबलेली मुले पुढे यशस्वी होतात, हा वॉल्टर मिशेल यांच्या प्रयोगातून काढलेला लोकप्रिय निष्कर्षही २०१८ मध्ये अधिक मोठ्या गटावर तपासला गेला. मुलांची कौटुंबिक पार्श्वभूमी विचारात घेताच तो संबंध बराच क्षीण झाला.

तरीही संकल्पना पोकळ ठरत नाही. कॅरोलिन मॅककॅन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ४२ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवरील अभ्यासांचा आढावा घेतला. भावनिक बुद्धिमत्ता आणि शैक्षणिक यश यांच्यात संबंध आढळला. तो माफक, पण निश्चित होता. आणखी एक इशारा आवश्यक आहे. दुसऱ्याचे मन वाचता येणे म्हणजे सज्जन असणे नव्हे. ठकसेनालाही ही कला अवगत असते. म्हणून या क्षमतेला मूल्यांची जोड लागतेच.

सराव रोजचा

यासाठी महागड्या शिबिराची गरज नाही. आवाज चढू लागला, की बोलण्याआधी मनाशी एक प्रश्न विचारावा : ‘हा राग आहे, की आणखी काही?’ उत्तर एका शब्दात न देता दोन-तीन शब्दांत द्यावे. समोरच्याला काय वाटते आहे याचा अंदाज बांधण्याऐवजी त्यालाच विचारावे. उपदेश करण्यापूर्वी त्याचे म्हणणे पूर्ण होऊ द्यावे. झोपण्यापूर्वी दिवसातील एखादा प्रसंग आठवून त्या वेळच्या भावनेला नाव द्यावे. हा सराव करूनही मन सतत खिन्न राहत असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र विनासंकोच मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. केंद्र सरकारची २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवाही १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

निकालाच्या त्या घरातही रात्र उरलेली असते. आतल्या खोलीचे दार वडील हळूच वाजवू शकतात. समजावणीचे लांबलचक भाषण करण्याची गरज नसते. ‘‘दुपारी ओरडलो ते चुकलं माझं. तुझ्या अ‍ॅडमिशनची भीती वाटली रे मला. तुला काय वाटतंय?’’ एवढे पुरे. गुण त्याने वाढणार नाहीत. पण दुसऱ्या दिवशी प्रवेशाचे अर्ज भरायला बाप आणि मुलगा एका टेबलाशी बसलेले असतील.