बीटचे वजन आणि बीटची साखर

बीटच्या कंदातील साखर ही उसाच्या साखरेहून वेगळी नाही, हे बर्लिनचे रसायनज्ञ मार्ग्राफ यांनी १७४७ मध्ये दाखविले. या पिकाचा पूर्वज समुद्रकाठचा. त्यामुळे बाल्यावस्था सरली की ते खारवट जमीन सोसते. इंग्लंडात तर त्याला चक्क मीठ खत म्हणून देत आले आहेत! रुजताना मात्र तेच मीठ मारक ठरते.

खरी गोम नत्राची आहे. ते सढळ हाताने, आणि तेही उशिरा दिले की पाने माजतात, कंद फुगतो, पण साखरेचा टक्का घसरतो. शिवाय रसातील नत्रयुक्त द्रव्ये स्फटिक होण्यात अडथळा आणतात. काढणीपूर्वी पाणी तोडल्यास टक्का चढतो खरा. परंतु त्यातील बराचसा चढ कंद सुकल्याचा असतो. केवळ वजनावर दाम मोजणारा कारखाना म्हणजे शेतकऱ्याला युरियाचे आणखी एक पोते उघडावयास सांगणाराच. युरोपात दर साखरेच्या टक्क्याशी बांधला गेला, तो यामुळेच. पाण्याच्या अतिरेकाने क्षारपड झालेल्या कृष्णाकाठच्या ऊसमळ्यांत बीट लावू पाहणाऱ्यांनी बियाण्याआधी दराचा हा हिशेब मांडावयास हवा.