एकोणीस डॉलरचा स्कोप आणि कोळ्याचा धागा

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वेगळीच धांदल सुरू होते. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरीण मारण्याचा नऊ दिवसांचा मोसम सुरू होतो आणि भडक नारिंगी जाकिटं घातलेली लाखो माणसं रानात शिरतात. रायफल बहुतेकदा घरातलीच असते, वडिलांची नाहीतर आजोबांची. खरेदी असते ती तिच्यावर बसवायच्या दुर्बिणीची, म्हणजे स्कोपची. शंभर डॉलरपासून हजारोंपर्यंत काहीही मिळतं. यातला परवडणारा आणि तरी भरवशाचा स्कोप निवडायचा कसा? उत्तर शोधताना जी माहिती हाती लागते ती भन्नाट आहे.

आधी स्वस्त केला कोणी?

१९३० पर्यंत स्कोप ही श्रीमंतांची चैन होती. बरेचसे युरोपातून यायचे आणि किमतीही तशाच असायच्या. केंटकीतल्या बिल वीव्हर नावाच्या पंचविशीतल्या तरुणाने त्या वर्षी स्वतःच्या हाताने एक स्कोप घडवला, तीन पट मोठं दाखवणारा. नाव ‘३३०’, आणि रायफलवर बसवायच्या पकडीसकट किंमत १९ डॉलर! महामंदीच्या ऐन तडाख्यात हा धंदा चालला. १९३३ मध्ये वीव्हरने टेक्सासमधल्या एल पासोला बस्तान हलवलं आणि सामान्य शिकाऱ्याच्या रायफलवर स्कोप दिसू लागला. त्याची नळी जेमतेम पाऊण इंच जाडीची होती. आज एक इंच किंवा ३० मिलिमीटर हे सर्रास माप आहे.

३-९×४० म्हणजे काय?

खोक्यावरचा पहिला आकडा पटींचा: तीनपासून नऊ पटींपर्यंत मोठं दाखवणार. शेवटचा ४० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. अमेरिकेतल्या हरणाच्या शिकारीत हे माप इतकं रुळलंय, की जवळपास प्रत्येक कंपनी ते बनवते. स्पर्धा तिथेच सर्वात जास्त, म्हणून त्याच पैशात सर्वात चांगला मालही तिथेच मिळतो. २४ पटींचा स्वस्त स्कोप मात्र खुशाल टाळावा. व्हाइटटेल हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण आठ इंचांचा असतो आणि पूर्वेकडच्या दाट जंगलात नेम शंभर यार्डांच्या आतच धरावा लागतो. तिथे चार पटीही पुरतात. जास्त पटींवर दृश्याचा घेर आक्रसतो आणि झाडीत हललेलं हरीण सापडतच नाही.

संध्याकाळचा हिशेब

माझ्या मते खरी परीक्षा उजेडाची. बऱ्याच राज्यांत सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून शिकारीला परवानगी असते, सूर्यास्तानंतरही थोडा वेळ मिळतो, आणि हरणं नेमकी त्याच वेळी बाहेर पडतात. अशा वेळी एक सोपा भागाकार कामी येतो. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पटी, म्हणजे डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. ४० मिलिमीटरचं भिंग नऊ पटींवर ठेवलं तर ४.४ मिलिमीटर, सहावर ठेवलं तर ६.७. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीत ती पाचाच्या आसपास येते. म्हणून अंधार पडू लागला की पटी वाढवायच्या नाहीत, उतरवायच्या. फुकटात उजेड वाढतो!

स्कोप प्रकाश ‘गोळा करून वाढवतो’ असं दुकानदार सांगतात, पण दृश्याचा कोणताही भाग नुसत्या डोळ्याला दिसतो त्याहून उजळ कुठलंच भिंग दाखवू शकत नाही. उलट, साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. आत असे सोळा पृष्ठभाग असले, तर निम्माच प्रकाश डोळ्यापर्यंत येतो. यावरचा उपाय १९३५ मध्ये जर्मनीतल्या येना शहरात झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुलाने शोधला: काचेवर अतिपातळ लेप. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने हे तंत्र गुपित म्हणून जपलं. आज ते शंभर-दीडशे डॉलरच्या स्कोपवरही मिळतं, फक्त खोक्यावरचे शब्द नीट वाचायचे. ‘कोटेड’ म्हणजे कुठल्या तरी भिंगावर एक थर. ‘फुली मल्टिकोटेड’ म्हणजे हवेला लागणाऱ्या प्रत्येक पृष्ठभागावर अनेक थर. पैसे द्यायचे ते या दुसऱ्यासाठी.

धुकं आणि संतापलेला शिकारी

ऑरेगनमधली ल्यूपोल्ड कंपनी आधी जमीनमोजणीची आणि पाण्याची पातळी नोंदवायची उपकरणं बनवायची. कंपनीत सांगितली जाणारी गोष्ट अशी, की मालकांपैकी मार्कस ल्यूपोल्डचा एका हरणावरचा नेम चुकला, कारण स्कोपच्या आत वाफ धरली होती. यापेक्षा चांगला मीच बनवीन, असं तो तिरीमिरीत म्हणाला, आणि १९४७ मध्ये कंपनीचा पहिला स्कोप बाजारात आला. पुढे नळीतली दमट हवा काढून कोरडा नायट्रोजन भरण्याची युक्ती आली आणि आतल्या वाफेचा प्रश्न मिटला. आज नायट्रोजन किंवा आर्गॉन न भरलेला स्कोप कितीही स्वस्त असला, तरी घेऊ नये.

फुलीचा कारागीर: कोळी

स्कोपमधून पाहताना नेमासाठी मधोमध दिसते ती आडव्या-उभ्या रेघांची फुली, आणि तिची गोष्ट कोळ्यापासून सुरू होते. सतराव्या शतकात, १६३९ च्या सुमारास, इंग्लंडमधल्या विल्यम गॅस्कॉइन या खगोलप्रेमीच्या दुर्बिणीत एका कोळ्याने धागा ताणला. भिंगातून पाहताना तो धागा ताऱ्याइतकाच स्पष्ट दिसला, आणि नेमासाठी रेघ वापरायची कल्पना त्याला तिथेच सुचली. बिचारा १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला, पण धागा टिकला. दुसऱ्या महायुद्धातही अमेरिकेत नेमाच्या आणि मोजणीच्या उपकरणांसाठी ब्लॅक विडो कोळ्याचं रेशीम वापरलं जात होतं. कॅलिफोर्नियात तर नॅन साँगर या बाईंनी त्यासाठी कोळीच पाळले होते!

१९६२ मध्ये ल्यूपोल्डने कडेला जाड आणि मध्याला बारीक अशी ‘ड्युप्लेक्स’ फुली आणली. अंधारातही जाड रेघा नजरेला मध्याकडे नेतात. ही कल्पना आता सगळ्याच कंपन्यांकडे आहे. टिंबाटिंबांच्या जाळ्यासारख्या नव्या फुल्या दिसतात देखण्या, पण शंभर यार्डांवरच्या हरणाला त्यांचा काही उपयोग नाही.

टक्, टक्, टक्

नेम जुळवायला स्कोपच्या वरचं किंवा बाजूचं बटण फिरवलं की टक् असा आवाज येतो. अमेरिकी स्कोपवर एक टक् म्हणजे बहुधा पाव मिनिट, म्हणजे अंशाचा २४० वा भाग. शंभर यार्डांवर गोळी पाव इंचाहून किंचित जास्त सरकते. स्वस्त स्कोपचं पितळ उघडं पडतं ते इथे. म्हणून तिथले शिकारी ‘बॉक्स टेस्ट’ करतात: एक गोळी झाडायची, मग वीस टक् वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे, आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक गोळी. शेवटची गोळी पहिल्या भोकाशी येऊन मिळाली तर स्कोप खरा. नाही मिळाली तर तो परत करावा. हलणाऱ्या नेमाने हरीण मरत नाही, जखमी होऊन झाडीत नाहीसं होतं. चार पैसे वाचवण्यासाठी मुक्या जनावराला ती यातना देणं मला अजिबात मान्य नाही.

भुवईवरचा चंद्र

रायफल मागे धक्का देते. डोळा स्कोपच्या फार जवळ असला तर कडा थेट भुवईवर आदळते आणि अर्धचंद्राकृती खूण उमटते. तीन ते चार इंच अंतरावरून पूर्ण चित्र दिसलं पाहिजे. दुकानात सर्वाधिक पटींवर ठेवून हे तपासायचं, कारण पटी वाढल्या की हे अंतर अनेकदा कमी होतं.

आणि रायफलचा धक्का सोसणारा दणकट स्कोप स्प्रिंगच्या छर्ऱ्याच्या बंदुकीवर खिळखिळा होऊ शकतो! कारण तिथे धक्का आधी मागे आणि लगेच उलटा, पुढे बसतो. अशा बंदुकीसाठी मुद्दाम बनवलेला स्कोपच घ्यावा लागतो.

कोल्हापूरला भिंग लागलं नाही

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे मराठी माणसाची रायफलशी गाठ पडते ती नेमबाजीच्या रेंजवर. तिथे दुर्बिणीला मनाई. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं ते बारीक छिद्रातून नेम धरून. लक्ष्याचं दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं!

पैसे कुठे घालायचे?

बसवायच्या कड्यांमध्ये कंजुषी नको. कडी वाकडी असतील किंवा स्क्रू जोर लावून आवळले असतील, तर उत्तम स्कोपची नळीही चेपते. साधारण १५ ते १८ इंच-पाउंड एवढाच पिळा पुरतो, आणि तो मोजणारा पाना मिळतो.

परवडण्याची सगळ्यात चांगली वाट मला जुन्या मालाची वाटते. ल्यूपोल्ड आणि विस्कॉन्सिनचीच व्होर्टेक्स यांची आजीवन हमी वस्तूबरोबर जाते, पहिल्या मालकाची पावती लागत नाही. नळीवर कड्यांचे वळ आहेत का, हलवल्यावर आत काही खुळखुळतं का, पटींचं कडं सलग फिरतं का, एवढं पाहायचं. ल्यूपोल्डच्या नावाचा बनावट मालही फिरतो, म्हणून भाव फारच पडलेला दिसला तर पैसे देण्याआधी नळीवरचा अनुक्रमांक कंपनीकडून तपासून घ्यायचा.